मंगळवारी बंद पडणारं घड्याळ

मला जुन्या घड्याळांचा नाद लागला तो पोळ्यांमुळे. हे वाक्य विचित्र वाटतं याची मला कल्पना आहे, पण दुसरीकडून सुरुवात करून पाहिली तर जमेना.

माझी आई जर्सी सिटीत घरून पोळ्या करून देते. स्टेशनाजवळच्या उंच इमारतींमध्ये राहणारी, सकाळी मॅनहॅटनची गाडी पकडायला पळणारी आयटीतली मंडळी ही तिची गिऱ्हाइकं. बाबा भारतीय किराणा दुकानाच्या गोदामात काम करतात. मी तेरा वर्षांची असताना आम्ही कराडजवळच्या गावातून इथं आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. शनिवार-रविवारी पोळ्यांचे डबे भरायचे आणि पोचवायचे ही कामं माझ्याकडे असतात.

डॉक्टरकाका अशाच एका इमारतीत राहतात. हाडांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. मोठं घर विकून काकूंबरोबर नदीकाठच्या फ्लॅटमध्ये आले. मी पहिल्यांदा डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं, आणि माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दोन्ही मनगटांवर घड्याळ होतं.

मी बघत राहिले हे त्यांनी पाहिलं. डावा हात पुढे करून म्हणाले, "हे माझं." मग उजवा. "आणि हा पाहुणा. याला जरा फिरवून आणतोय."

आतून काकूंचा आवाज आला, "लोकं कुत्री फिरवतात, आमच्याकडे घड्याळं फिरवतात. ये गं आत, बाहेर उभी राहू नकोस."

मी आत गेले. जेवणाच्या टेबलावर कापड अंथरून घड्याळं मांडली होती. सगळी जुनी, सगळी ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, बॅटरीवर चालणारी असतील. काकांनी छाती धरून काकूंकडे पाहिलं, जणू मी त्यांना शिवी दिली होती. मग त्यांनी एका घड्याळाची मागची बाजू दाखवली. काचेतून आतलं दिसत होतं. एक अर्धगोल वजन, पितळेच्या अर्ध्या चंद्रासारखं. काकांनी मनगट हलवलं तसं ते गरकन फिरलं.

"हे फिरलं की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. तुझा हात हलला की हे जेवतं. तू बसलीस की हे उपाशी. चावी नाही, सेल नाही. माणूस हललं की घड्याळ चाललं."

त्यांनी ते माझ्या कानाला लावलं. टिकटिक नव्हती, त्याहून बारीक काहीतरी होतं, घाईघाईत चाललेलं, एखादा छोटा जीव कुठंतरी पळत असावा तसं. मी नुसती हसत सुटले. का हसले ते मला अजून सांगता येत नाही. घरी जाताना लिफ्टमध्येही हसत होते, आणि माझ्या शेजारी उभा असलेला माणूस एक पाऊल लांब सरकला.

त्यानंतर डबा देऊन मी लगेच परत येईनाशी झाले. काकांनी मला शिकवलं. हातात भिंग घ्यायचं. काट्यांवरचं चमकणारं द्रव्य आणि आकड्यांवरचं द्रव्य एकाच वयाचं दिसतंय का बघायचं. अक्षरांच्या कडा बघायच्या. आपल्याकडून येणारी बरीच जुनी घड्याळं रंगवलेली असतात, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं. खराब झालेली डायल पुसून पुन्हा रंगवतात, भडक रंग देतात, वर नाव छापतात. लांबून नवरीसारखी दिसतात, भिंगाखाली धरलं की अक्षरं थरथरतात. "रंगवलेलं घड्याळ वाईट नसतं," काका म्हणायचे, "पण मग ते जुनं आहे असं त्यानं म्हणू नये."

काकांचे एक मित्र आहेत, नागपूरचे. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. मी त्यांना नागपूरचे काका म्हणते. तेही घड्याळवाले. या दोघांचं एकमेकांशी एकाही बाबतीत जमत नाही, म्हणून ते रोज भेटतात. तिकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला असलेल्या मुलीनं डॉक्टरकाकांना वाढदिवसाला एक यंत्र पाठवलं होतं. त्यात घड्याळं अडकवली की ती आपोआप फिरत राहतात, म्हणजे हातात न घालताही चालू. नागपूरच्या काकांना ते फार आवडलं. डॉक्टरकाकांनी त्यात काकूंच्या बांगड्या ठेवल्या.

"अरे यार, मशीन काय वाईट आहे?" नागपूरचे काका म्हणायचे.

"पाळणाघर आहे ते. मुलं घरात वाढवायची असतात."

"तुमची मुलगी वाढली ना घरात? मग गेली ना क्युपर्टिनोला?"

यावर काकू चहा आणायला आत जायच्या आणि आतून त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा.

वसंत ऋतूत एका रविवारी दोघांनी मला पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या बाजाराला नेलं. आईनं पोळ्या लवकर लाटल्या, मी पहाटेच पोचवल्या. शेताच्या कडेला मैदानावर गाड्यांच्या डिक्क्या उघड्या, टेबलांवर दिवे, बाहुल्या, हत्यारं, चमचे, कुणाच्या तरी आजोबांची सगळी संपत्ती. गाडीतून उतरताना नागपूरच्या काकांनी नियम सांगितला.

"काही आवडलं तर चेहरा पाडायचा. समजलं? आवडलं की विकणाऱ्याला दिसते. तुझा चेहरा तर दुकानाच्या पाटीसारखा आहे, दुरून वाचता येते."

मी चेहरा पाडून फिरत होते. दुपारपर्यंत त्याची गरजच पडली नाही. मग एका म्हाताऱ्या माणसाच्या टेबलावर, मासेमारीच्या गळांच्या डब्यात, चामड्याचा पट्टा तुटलेलं एक घड्याळ दिसलं. डायलचा रंग कच्च्या कैरीच्या फोडीसारखा. मी उचललं. हातात घेताक्षणी आतलं वजन सरकलं, म्हणजे ऑटोमॅटिक. जपानी बनावटीचं. मग तारखेशेजारच्या छोट्या खिडकीत मी पाहिलं, आणि तिथं लिहिलं होतं, 'शनि'.

देवनागरीत. पेनसिल्व्हेनियात. गळांच्या डब्यात.

पूर्वी भारतासाठी बनवलेल्या काही घड्याळांत वार हिंदीत असायचे, हे काकांनी सांगितलेलं होतं. पण त्यातली बहुतेक आपल्याकडे वापरून वापरून संपली, उरली ती रंगवली गेली. असं मूळ डायल असलेलं घड्याळ डॉक्टरकाकांनी स्वतः कधी हातात धरलेलं नव्हतं. मी भिंग लावलं. अक्षरं थरथरतात का ते शोधलं. श्वास रोखून पुन्हा पाहिलं. कडा स्वच्छ होत्या. काट्यांवरचं आणि आकड्यांवरचं द्रव्य एकाच रंगाचं, जुन्या तुपासारखं.

"ते अरबी आहे, बहुतेक," विकणारा म्हणाला. "माझ्या मेहुण्यानं कुठून तरी आणलं होतं."

मी मान डोलावली. चेहरा पाडायचा म्हणून इतका पाडला की त्यानं विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?"

तोवर दोघे काका मागे येऊन उभे राहिले होते. डॉक्टरकाकांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला लागले. त्यांनी तो इतका वेळ पुसला की मला कळलं. विकणाऱ्यानं किंमत सांगितली. मला सहज परवडेल अशी होती. ती ऐकून नागपूरच्या काकांना जोराचा खोकला आला आणि ते गाडीकडे निघून गेले.

गाडीची दारं बंद झाली आणि आम्ही तिघंही ओरडलो. खरंच ओरडलो. नागपूरच्या काकांनी स्टिअरिंगवर ठेका धरला. "बाप्पा! बाप्पा रे! आपण दोघं इतकी वर्षं बाजार पालथे घालतो, अन् ही पोरगी मासे पकडायच्या डब्यातून काढते!" डॉक्टरकाका मागं वळून म्हणाले, "दे जरा. नाही, नको, तूच धर. नाही, दे." शेवटी काचेला नाक लावून वाचावं तसं त्यांनी ते पाहिलं आणि मला परत केलं. "तुझं आहे. घाल हातात. कपाटात ठेवशील तर माझ्याशी गाठ आहे."

आई अर्थातच म्हणाली, "कपाटात ठेव. लग्नाकार्याला घालता येईल."

मी घातलं. काकांनी नवा पट्टा लावून दिला. आता मला वाटायला लागलं की माझ्या हातात काहीतरी आहे, जे या देशात कदाचित दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि जे मला वाचता येतं. गाडीत, कॉलेजात, डबे पोचवताना मी बाही वर सरकवून खिडकीत बघायची. रवि. मग सोम. बदलताना दोन वारांच्या मध्ये अडकलेलं असायचं, अर्धं वर, अर्धं खाली. मला तेही आवडायचं.

आणि मग ते बंद पडलं.

पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा मी फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. ग्रुप म्हणजे आम्ही तिघं आणि काकू. हलवलं तसं पुन्हा चालू झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद. पुन्हा फोटो. तिसऱ्या आठवड्यात बंद पडलं तेव्हा मी फोटोखाली काहीच लिहिलं नाही.

रविवारी डबा घेऊन गेले तर काकांच्या टेबलावर नेहमीचं कापड होतं, पण त्यावर एकच रिकामी जागा, माझ्या घड्याळाची. त्यांनी ते भिंगाखाली बराच वेळ धरलं. म्हणाले, आतलं तेल वाळलं असावं. फिलाडेल्फियाला त्यांच्या ओळखीचा एक घड्याळजी आहे, येत्या शनिवारी त्याच्याकडे जाऊ. मी आनंदानं मान हलवली, तर त्यांनी मला थांबवलं.

"नीट ऐक. साफ करायचं तर सगळं उघडावं लागतं. डायल काढावी लागते, वाराची चकती काढावी लागते. इथं बघ." भिंगातून सहाच्या आकड्याजवळ रंगाला पोपडा आलेला दिसला, नखाएवढाही नाही. "हा रंग हात लावला की सुटेल. चकतीवरची अक्षरंसुद्धा. घड्याळ चालेल, पण डायल कदाचित राहणार नाही. मग पुन्हा रंगवावी लागेल."

म्हणजे अक्षरं थरथरणारं, नवरीसारखं, रंगवलेलं घड्याळ. मला बोलायचं होतं, पण माझं वाक्य तयार होईपर्यंत नेहमीच उशीर होतो.

"बंद घड्याळ जपून ठेवायचं की चालू घड्याळ रंगवून घ्यायचं, ते तुझं तू ठरव," काका म्हणाले. "पण माझ्या मते बंद घड्याळ म्हणजे फक्त चित्र."

नागपूरचे काका सोफ्यावर फोन बघत होते. "तेल-बिल काही नाही. ती कॉलेजला त्या ट्रेननं जाते ना, खाली मोठ्या मोटरा असतात. चुंबक. घड्याळाला चुंबक लागलं."

"मग रोज बंद पडायला पाहिजे. रोज गाडीनंच जाते ती."

"लॅपटॉप मग."

"लॅपटॉपही रोजच आहे."

काकू माझ्यासाठी लाडू घेऊन आल्या होत्या. त्यांनी नागपूरच्या काकांच्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं. आमच्या ग्रुपवरचे माझे तिन्ही फोटो उघडे होते. "अगं, हे काय," त्या म्हणाल्या, "हे तिन्ही वेळा मंगळवारीच बंद पडलंय."

सगळे फोनवर वाकले. खरंच. तारखा वेगळ्या होत्या, पण तिन्ही फोटोंत खिडकीत एकच शब्द होता. 'मंगल'. घड्याळ स्वतःच सांगत होतं आणि मी इतके दिवस फक्त काटे पाहत होते.

नागपूरच्या काकांनी टाळी वाजवली. "लागला! घड्याळाला मंगळ आहे!"

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टरकाका म्हणाले, पण ते हसत होते.

"अरे यार, कडक मंगळ आहे. याला आता मंगळ असलेलंच दुसरं घड्याळ शोधा, जोडी लावून द्या."

मीही हसायला लागले. डॉक्टरकाका मात्र एकदम गंभीर झाले. त्यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की दवाखान्यात ते कसे बसत असतील.

"मंगळवारी काय असतं तुझं?"

"सकाळी दोन लेक्चर. मग दुपारी सेमिनार."

"सोमवारी?"

"लायब्ररीत ड्युटी. टेबलावर बसायचं. पुस्तकं कुणी फारशी नेत नाही."

"म्हणजे सोमवारी उपास सुरू. बुधवारनंतर?"

"कॅन्टीनमध्ये काम. टेबलं पुसायची. शनिवार-रविवारी आईबरोबर डबे."

"हं. आणि सेमिनारमध्ये काय करतेस?"

"बसते."

"बसून?"

"ऐकते."

"बोलत नाहीस?"

मी लाडवाकडे बघितलं. त्या सेमिनारमध्ये शहरं आणि शेजार याविषयी चर्चा चालते. मोठ्या टेबलाभोवती बसायचं आणि बोलायचं, तेवढंच. इतर मुलं अशी बोलतात, जणू ती घरातल्या सोफ्यावर बसली आहेत. मी वाक्य जुळवते, त्यातलं क्रियापद तपासते, पुन्हा जुळवते. तोवर चर्चा दोन गल्ल्या पुढे गेलेली असते. बाईंनी माझ्या निबंधावर लिहिलं होतं, 'वर्गातही तुझं म्हणणं ऐकायला आवडेल.' ते वाचून मला इतकं बरं वाटलं होतं की पुढचे दोन आठवडे मी आणखीच गप्प झाले.

"बरं," काका म्हणाले. "तिथं कशी बसतेस ते दाखव. हात कुठं असतात?"

मी दाखवलं. ताठ बसले आणि हाताची घडी घातली. आमच्या गावच्या शाळेत घालायचो तशी, मनगटं काखेत घट्ट.

तिघंही माझ्या हातांकडे बघत राहिले. मग नागपूरच्या काकांचा आवाज आला, "तोंडावर बोट राहिलं!"

काकू मटकन सोफ्यावर बसल्या. डॉक्टरकाकांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घडी सोडायचं विसरूनच गेले होते. तशीच बसून मीही हसत होते, हात बांधलेले, घड्याळ काखेत.

"अगं, आम्हीही असेच बसायचो," काकू म्हणाल्या. "मास्तर म्हणायचे, हाताची घडी, आणि सगळा वर्ग एका दमात. मला तर इथं आल्यावर पहिल्या नोकरीच्या मीटिंगमध्ये सायबांनी विचारलं होतं, तुम्हाला थंडी वाजतेय का म्हणून."

डॉक्टरकाकांनी डोळे पुसले. "घड्याळाला काहीही झालेलं नाही. सोमवारी तू त्याला उपाशी ठेवतेस आणि मंगळवारी गळा दाबतेस. आता एक मंगळवार हातात आहे. तो पार पडला तर शनिवारी फिलाडेल्फियाला जायचं कारण नाही. नाही पडला तर माझं निदान चुकलं, मग उघडायचं." नंतर त्यांनी बोट वर केलं. "मशीनमध्ये ठेवायचं नाही. आईच्या हातात द्यायचं नाही. जसं तू घालतेस तसंच."

सोमवारी लायब्ररीच्या टेबलावर मी मुद्दाम काही केलं नाही, नेहमीसारखीच बसले, कारण काका म्हणाले होते जसं तू घालतेस तसंच. मंगळवारी सकाळी मात्र माझा धीर सुटला. लेक्चरमध्ये टेबलाखाली मनगट हलवत होते. शेजारच्या मुलीनं हळूच विचारलं, तुला बाहेर जायचं आहे का? मी थांबले.

दुपारी सेमिनारला गेले तेव्हा घड्याळ चालू होतं. खिडकीत 'मंगल'. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. उघडे. ते तिथं इतके विचित्र दिसत होते, दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे. चर्चा सुरू झाली, उंच इमारतींमध्ये शेजार उरतो का, लोक एकमेकांना ओळखतात का, यावर. एक मुलगा म्हणाला, लिफ्ट ही शेजाराची शत्रू आहे. दुसरी म्हणाली, काचेच्या इमारतीत लोक नुसते राहतात, वस्ती करत नाहीत. मला आतून काहीतरी टोचत होतं. पण मी हात बघत होते. हात हलत नव्हते. मी वाक्य जुळवत होते आणि माझे हात टेबलावर मेल्यासारखे पडले होते.

आणि मला वाटलं, थांबलं.

सेकंदाचा काटा दिसेना, वरच्या दिव्याची तिरीप नेमकी काचेवर पडली होती. दुसरा काही विचारच आला नाही, मी मनगट उचलून कानाला लावलं.

चालू होतं. घाईघाईत, तो छोटा जीव पळत होता.

"हो?" बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. माझा हात वर होता.

हात खाली घ्यावा की नाही हे मला कळेना. वाक्य तयार नव्हतं. तयार नसलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं ते असं, "माझी आई पोळ्या करते."

कुणीतरी हसेल असं वाटलं. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "पुढे सांग," आणि मग मी पुढे सांगितलं. सगळंच. की लिफ्ट शत्रू नसते, लिफ्टमध्ये वास असतात. कुठल्या मजल्यावर फोडणी चालू आहे ते मला दार उघडायच्या आधी कळतं. की एका इमारतीत समोरासमोरच्या दारांत दोन पुण्याची घरं होती, एकमेकांना कधीच न भेटलेली, आणि मी एकदा डबे उलटसुलट दिले, तर ते बदलायला दोघं एकदमच बाहेर आले. दारातच उभे राहून बोलत होते. मी वरच्या मजल्यावरून परत आले तरी बोलतच होते, आणि एकाच्या डब्यातली पोळी दुसऱ्यानं खाऊनही टाकली होती. त्यांच्यात अजून वाद चालतो की पुण्यातली कुठली बेकरी चांगली. की वस्ती आहे, फक्त ती बाहेरून काचेतून दिसत नाही, ती शनिवारी सकाळी दिसते.

"पोळी म्हणजे नक्की काय?" लिफ्टवाल्या मुलानं विचारलं.

हे शब्दांत सांगता येईना. मी उभी राहिले. कणकेचा गोळा घेतला, हवेत. पिठात बुडवला. लाटणं धरलं, आणि लाटायला लागले. आधी जरा लाटायची, तेल लावायचं, घडी घालायची, पुन्हा घडी, मग मोठी लाटायची, कडेकडेनं, हातानं गोल फिरवत, मध्ये जाड राहता कामा नये. मी दोन्ही हातांनी लाटत होते आणि मनगटात ते अर्ध्या चंद्राचं वजन गरगर फिरत होतं, मला जाणवत होतं, गर्र, गर्र, पोटभर जेवत होतं. ती हवेतली पोळी मी हवेतल्या तव्यावर टाकली. मग उलटली.

"फुगली?" बाईंनी विचारलं.

"फुगली," मी म्हणाले.

त्यावर वर्ग हसला. आणि मीही इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. तास संपेपर्यंत मी आणखी दोनदा बोलले. एकदा तर मी कुणाचं तरी बोलणं मध्येच तोडलं, आणि सॉरी म्हणायचंही राहिलं.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात आईचा तवा तापत होता. मी बाही वर न सरकवताच आत आले. मला बघायची भीती वाटत होती. आईनं लाटणं खाली ठेवलं आणि पिठाच्या हातानं माझी बाही वर केली. तिला मी सगळं सांगितलं होतं. तिनं खिडकीत पाहिलं. अक्षरं तिला चष्म्याशिवाय दिसत नाहीत, तरी ती वाचत राहिली.

"बुध," ती म्हणाली. मग घड्याळ कानाला लावण्यासाठी तिनं माझा हातच ओढून आपल्या कानाला लावला, आणि मी वाकून तशीच उभी राहिले, ती ऐकेपर्यंत. काचेवर तिचं पीठ लागलं.

मी पीठ न पुसता फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. डॉक्टरकाकांचं उत्तर लगेच आलं, 'शनिवारची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. पेशंटला डिस्चार्ज.' नागपूरच्या काकांनी लिहिलं, 'मंगळ उतरला. आता स्थळं बघायला हरकत नाही.' काकूंनी फक्त विचारलं, 'डायलवर ते पांढरं काय आहे गं? पोपडा सुटला की काय?'

'पीठ आहे, काकू,' मी लिहिलं. 'वरून आहे. आतलं सगळं जागच्या जागी आहे.'